रंग मातीवाल्यानं सांगायचा

परीक्षानळी उंच धरायची, उन्हाकडे करून एकदा बघायची आणि दुसऱ्या हातानं पदराचं टोक ओठांवर दाबून धरायचं, तोंडातून काही निसटू नये म्हणून. मग नळी समोरच्या माणसापुढे करायची. समोरचा माणूस म्हणजे ज्याच्या शेतातली माती नळीत आहे तो. गडी असो, बाई असो, पारावरचा बहिरा म्हातारा असो. पदराआडून बाई एवढंच म्हणायच्या, "बघा आणि रंग सांगा."

"तुमीच सांगा की बाई. तुमी शिकलेल्या."

"माती कुणाची?"

"माजी."

"मग रंगही तुम्हीच सांगायचा."

माणूस गोंधळायचा, नळी हातात घ्यायचा, डोळे बारीक करायचा, शेजारच्याला कोपरानं ढकलायचा आणि शेवटी लाजत लाजत म्हणायचा, "हिरवी दिसती." तेव्हा कुठे पदर खाली यायचा आणि बाई हसायच्या.

सोलापुरात त्या काळी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या स्त्रिया शोधाव्या लागत. आमच्या बाई त्यातल्या एक. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे मुलांनी काचा फोडल्या की ज्याच्याकडे बघून सगळे मान हलवतात तो प्राणी. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा माझे केस काळे होते असं लोक सांगतात.

बाई मूळच्या दुधनीच्या. वडिलांचं तूर-ज्वारीचं आडत दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी आणि हिशेब मनातल्या मनात. त्यामुळे बाईंच्या मराठीत मधूनच एखादा कानडी शब्द टपकन पडायचा. कुणी माफी मागितली, कुणी जास्त बोलायला लागलं, चहा सांडला, पेपर अवघड निघाला, की बाई हात हलवून म्हणायच्या, "इरली, इरली." म्हणजे असू दे. माझ्या नोकरीच्या काळात हा शब्द मी इतक्यांदा कमावला की कानडी येत नसूनही तो माझाच वाटायला लागला.

बाईंचा एक छंद होता. छंद म्हणायचं, कारण कॉलेजनं त्यासाठी त्यांना कधी साधी रजाही दिली नाही. जमिनीखाली खनिज शोधत हिंडणारी माणसं जागच्या जागी माती तपासतात, ती युक्ती त्यांनी उचलली होती. चिमूटभर माती घ्यायची, एका पाण्यासारख्या द्रावणात खळखळ हलवायची, त्यात एक हिरवंगार औषध टाकायचं आणि पुन्हा हलवायचं. तळाशी थर बसतो. तो हिरवा राहिला तर ठीक. लाल झाला तर मातीत शिसं, जस्त असलं काहीतरी जड जाऊन बसलंय. मोठ्या प्रयोगशाळेला माती पाठवली तर उत्तर यायला पीक निघून जायचं. बाईंचं उत्तर चहा उकळायच्या आत यायचं. "किती आहे ते हे औषध सांगत नाही," असं त्या स्वतःच बजावायच्या. "आहे का, एवढंच सांगतं. संशय आला की लाल धरायचं."

हे सगळं सामान एका लाकडी पेटीत. पेटी वडिलांच्या दुकानातली, तुरीचे नमुने ठेवायची, आत कप्पे केलेली. तिच्या पितळी कड्या-बिजागऱ्या बाईंनी उपटून टाकल्या होत्या आणि चामड्याच्या पट्ट्या लावल्या होत्या. पितळेत तांबं आलं, जस्त आलं, ते मातीत मिसळायला नको म्हणून. औषधाची बाटली काळ्या कागदात, त्यावर ओलं फडकं. सोलापूरच्या उन्हात ते औषध माझ्यापेक्षा लवकर बिघडायचं.

आता माझं कर्तृत्व ऐका. पहिल्याच दौऱ्यात मला वैरागकडे माती गोळा करायला पाठवलं. मी ज्या शेतकऱ्याकडे उतरलो त्यानं कौतुकानं नवी कोरी, झगझगीत जस्ती बादली दिली. मी एकेका रानाची माती त्या बादलीत कालवून, वेगवेगळ्या पुड्या बांधून आणल्या. प्रयोगशाळेत बाईंनी एकेक नळी हलवली आणि त्यांच्या भुवया वर वर जायला लागल्या. सगळी लाल. बांधावरची लाल, माळावरची लाल, देवळामागची लाल.

"माती कशात घेतलीस?"

मी अभिमानानं बादली सांगितली. बाई टेबलाला धरून हसत बसल्या. "म्हणजे वैरागला जस्ताची खाण सापडली की! फक्त ती जमिनीत नाही, बादलीत आहे." मी परत गेलो, प्लॅस्टिकचं टमरेल घेऊन. त्या शेतकऱ्यानं नवी बादली सोडून टमरेल आणणाऱ्या साहेबाकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

त्या वेळी रंग बाई स्वतः सांगत असत, हे लक्षात ठेवा. मातीवाल्याला रंग विचारायची पद्धत नंतर, अचानक सुरू झाली. एके दिवशी पेटी बंद करता करता म्हणाल्या, "आजपासून रंग आपण सांगायचा नाही. तूही नाही, मीही नाही. मातीवाल्यानं सांगायचा." मी कारण विचारलं. म्हणाल्या, "आमच्या आप्पांचं दुकान बघ. तूर गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतात आणि गप्प बसतात. माणूस स्वतःच्या तोंडानं 'चांगली आहे' म्हणाला की तो परत भांडायला येत नाही."

मला पटलं. मला बाईंचं सगळंच पटायचं. बादलीच्या दिवसानंतर तर फारच.

गोदूबाई कॉलेजच्या गल्लीत भाजी घेऊन यायची. वळसंगच्या वाटेवर शहराच्या कडेला तिचं रान. मेथी, शेपू, वांगी, कोथिंबीर. डोक्यावर पाटी आणि तोंड अखंड चालू. बाईंशी तिचं चांगलं जमायचं. दोघी तासभर भांडत आणि दोघींना वाटे आपणच जिंकलो. ती एकाएकी यायची बंद झाली. बाईंनी चौकशी केली, मंडईत जाऊन गाठली, तर पाटी भरलेली आणि गिऱ्हाईक नाही.

"कोन घेतंय आता?" गोदूबाई म्हणाली. "माजं वासरू मेलं न्हवं का. नाल्याकडंला चरत हुतं. लोक म्हनत्यात, भट्टीचं इख रानात उतारलंय."

भट्टी म्हणजे तिच्या रानापासून लांब, नाल्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी काढलेली शिशाची भट्टी. लॉरीच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि राख नाल्यात लोटायची. मालक केव्हाच भट्टी बंद करून निघून गेला होता. राखेचे ढीग तिथेच.

"लोकांचं मरू दे," गोदूबाई पुढे म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "माजी नातवंडं त्याच रानातलं खात्यात, बाई. त्येंच्या ताटात म्या काय वाढतीया, येवढं मला सांगा."

बाईंनी दिवस ठरवला. आणि नेमक्या त्या दिवशी तापानं पडल्या. मी घरी गेलो तर पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, "उद्या जाऊ," म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, मी आहे ना." आजही ते वाक्य आठवलं की माझं मलाच हसू येतं. जगात जेवढे घोटाळे झाले असतील, त्यातल्या निम्म्यांची सुरुवात 'मी आहे ना' या तीन शब्दांनी झाली असणार. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रंग गोदूबाईनं सांगायचा. विसरू नकोस."

पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी निघालो.

रानात पोचलो तर गोदूबाईनं शेजारपाजार जमवून ठेवलेला. तिचा म्हातारा नवरा, बांधाशेजारचे दोघे-तिघे, एक-दोन बायका. "आले साहेब," ती म्हणाली. मला तोवर आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. एकदा वैरागला म्हटलं होतं, पण तेव्हा हातात टमरेल होतं. माझ्या अंगात वारं शिरलं. मी नाल्याकडची माती घेतली, मधली घेतली, विहिरीजवळची, वरच्या अंगाची. प्लॅस्टिकच्या टमरेलात, बरं का. नळ्या हलवल्या. एकेक उंच धरून उन्हाकडे करून बघितल्या. आधी नुसत्या औषधाची नळी पाहिली, मग या. मला त्या सगळ्या सारख्याच दिसल्या. एकाच मातकट रंगाच्या बहिणी.

गोदूबाई माझ्या खांद्याजवळ आली होती. नाल्याकडची नळी बघून म्हणाली, "ही तांबडी हाय की ओ."

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मी काय केलं ते सांगतो. मी समजुतीचं हसलो. "आजी, ते उन्हामुळं तसं दिसतं. औषध जसं होतं तसंच आहे. तुमचं रान चांगलं आहे. बिनघोर खा, बिनघोर विका."

"खरं म्हनता?"

"अगदी."

गोदूबाईनं कपाळाला हात लावून आकाशाकडे बघितलं. मला ताक दिलं, भाकरी दिली, वर ठेचा. आणि मी जेवत असतानाच नवऱ्याला हाक मारली, "इळा आना. उद्या बाजार हाय, खालची मेथी काढून घिऊ." ती नाल्याकडच्या पट्टीत उतरली, आणि मी दुसरी भाकरी मागितली.

बाईंच्या घरी आलो तेव्हा त्या पेज पीत बसल्या होत्या. मी दारातूनच म्हणालो, "सगळं रान ठीक, बाई. काही नाही निघालं."

"छान. रंग कुणी सांगितला?"

"मीच सांगितला. वेळ वाचला."

बाईंनी वाटी खाली ठेवली. "गोदूबाई काय म्हणाली?"

"ती म्हणत होती तांबडी आहे. पण म्हातारं माणूस, उन्हात—"

"अय्यो," असं म्हणून बाई उभ्या राहिल्या. अंगावरची चादर तशीच शालीसारखी गुंडाळली, पायांत चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "टांगा आण. बेगा, बेगा." त्यांना ताप होता, डोळे लाल झाले होते. निदान त्यांच्या आई तसं म्हणत होत्या.

टांगा मिळाला. आम्ही बसलो. पेटी माझ्या मांडीवर. बाईंची नजर टांगेवाल्यावर गेली. मग अगदी सहज विचारावं तसं म्हणाल्या, "टांगेवाल्याच्या गळ्यातला रुमाल कुठल्या रंगाचा आहे?"

मी बघितलं. "तपकिरी."

टांगेवाला गर्रकन मागे वळला. "तपकिरी? साब, हरा है ये! उरूस में लिया मैं, एकदम हरा देख के!"

"तुला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "डोळ्यांचा दोष असतो तो. जन्मापासूनचा."

माझ्या डोक्यातून एकेक गोष्ट जायला लागली. घरच्यांनी मला टोमॅटो आणायला पाठवायचं बंद केलं होतं, कारण मी कच्चे आणायचो. मी एक मुलगी बघायला गेलो होतो, आणि काहीतरी बोलायचं म्हणून तिच्या हिरव्या साडीचं कौतुक केलं होतं. साडी लाल होती. त्या घरून पुढे निरोप आला नाही. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला शेजारचा मित्र "आला, रंग आला!" ओरडायचा तेव्हाच मी ब्युरेटचा नळ बंद करायचो. सगळे म्हणत, पोरगं वेंधळं आहे. मीही तेच धरून चाललो होतो. रंगांच्या बाबतीत लोक उगाच वाढवून बोलतात, असं माझं मत होतं.

"म्हणजे बाई," मी म्हणालो, "मी वेंधळा नव्हतो तर."

"वेंधळा आहेसच. ते वेगळं."

टांगेवाला खो खो हसला. बाईही हसल्या, मग खोकल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू आलास त्याच महिन्यात. मुलांच्या नळीकडे न बघता तू त्यांच्या तोंडाकडे बघून मार्क द्यायचास."

मला तेव्हा कुठे उजेड पडला. "आणि रंग मातीवाल्यानं सांगायचा, ते?"

बाई रस्त्याकडे बघत होत्या. "आप्पा खरंच तसं करतात. ते खोटं नाही. पण मला ते आठवलं तुझ्यामुळं."

"मग काढून का नाही टाकलंत मला? रंगाच्या कामाला आंधळा माणूस कशाला?"

"तुझ्या हातात कंप नाही. चिमूट घेतलीस तर चिमूटच येते, जास्त नाही, कमी नाही. मला तसा हात कुठं मिळाला असता? डोळ्यांचं काय, डोळे गावोगाव मिळतात. रानात माणूस असतोच ना उभा. त्याला विचारायचं."

पुढे बसलेल्या टांगेवाल्याला राहवलं नाही. "बराबर है मॅडम. मेरे घोडे कू कां रंग दिखते? पन कबी किसी पे चढ्या नै. मैं हूं ना बोलने कू." मग मला म्हणाला, "साब, तुम दिल पे मत लेव."

घोड्याशी झालेली ही माझी एकमेव तुलना मी आजवर सन्मानानं सांभाळून आहे. पण त्या वेळी बाईंचा चेहरा बघून मी हसणं आवरलं. त्या पुटपुटत होत्या, "चूक माझी आहे. तुला आधीच सांगायला हवं होतं. वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. आता बघ, कुणाच्या पोटावर आलं." मग टांगेवाल्याला, "बाबा, जरा जोरात घ्या."

ऊन उतरणीला लागलं होतं. गोदूबाई अंगणात मेथीचा ढीग घेऊन बसली होती आणि जुड्या बांधत होती. शेजारी एक नात, जुडी उलटी धरून झाडू मारल्यासारखी हलवत होती. बाई टांगा थांबायच्या आत ओरडल्या, "गोदूबाई, हात थांबवा! पोरीला बाजूला घ्या!"

गोदूबाई उठली. बाईंची चादर, विस्कटलेले केस बघून ती घाबरली. "काय झालं वो बाई? साहेब तर म्हनलं—"

"साहेबाचं राहू दे. चला, पुन्हा बघू."

आणि मग पुन्हा सगळं. मी माती घेतली, मी नळ्या हलवल्या. माझा हात तेवढा कामाचा, हे आता मला माहीत होतं. त्या दिवशी मी जितकं मन लावून चिमूट घेतली तितकं मन लावून आयुष्यात पुन्हा घेतली नसेल. बाईंनी नळी उंच केली, पदर ओठांवर दाबला. पहिली नाल्याकडची.

गोदूबाई बघत राहिली. "तांबडी," ती म्हणाली. "म्या मगाशीच म्हनलं हुतं."

दुसरी, नाल्यापासून जरा वरची. "ही बी तांबडीच." मधल्या वाफ्याची नळी तिनं बराच वेळ फिरवली. "ही... धड हिकडं न्हाय, धड तिकडं न्हाय."

"मग लाल धरायची," बाई म्हणाल्या.

विहिरीजवळची. "हिरवी." वरच्या अंगाची. "हिरवी. पोपटावानी." मग विहिरीच्या पाण्याची. गोदूबाईनं ती नळी नवऱ्याच्या हातात दिली, स्वतःवरचा भरवसा उडाल्यासारखी. म्हातारा म्हणाला, "हिरवीच हाय की, येडे." तेव्हा ती खाली बसली.

गोदूबाईचे डोळे खालच्या पट्टीवर होते. "मंजी येवढं दिस आमी हेच खाल्लं," ती म्हणाली.

बाईंनी तिला 'काही होत नाही' असं सांगितलं नाही. मला वाटत होतं, सांगावं. त्या तिच्याजवळ मातीत बसल्या. "आजपासून खायचं नाही. खालच्या पट्टीत भाजी नको, चारा नको. वर पिकवा, ते खा, ते विका. पोरांना उद्या डॉक्टरकडे नेऊ. मी येते बरोबर."

"तुमाला ताप हाय."

"इरली."

गोदूबाई उठली, बांधलेल्या सगळ्या जुड्या पाटीत भरल्या आणि परसात खड्डा खणून त्यात उलट्या केल्या. नवरा मदतीला आला तर त्याला दूर सारलं. माती ओढून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आन हे साहेब म्हनलं, उन्हानं दिसतंय!"

"आजी, मला लाल-हिरवं कळत नाही," मी म्हणालो. "आत्ताच टांग्यात समजलं."

तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. आत गेली, दोन मिरच्या घेऊन आली. "हितली पिकल्याली कंची?"

मी दोन्हींकडे बघितलं, मग सवयीनं तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं तोंड दगडासारखं ठेवलं होतं. मी एक मिरची दाखवली. चुकली.

"आगं बया," गोदूबाई म्हणाली. "हेला तर कुनीबी इकून खाईल." आणि ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली. त्या क्षणापासून मी साहेबावरून एकदम 'मास्तर' आणि 'तू' वर उतरलो. त्या बढतीसाठी मी तिचा आजही आभारी आहे.

नातवंडांना डॉक्टरांनी तपासलं. जपा म्हणाले, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाई ताप अंगावर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी नातवंडांनंतर त्यांनाच तपासलं आणि चांगलं झापलं.

आता उरली मंडई. वरच्या अंगाची भाजी चांगली आहे हे आम्हाला ठाऊक, गोदूबाईला ठाऊक. गिऱ्हाइकाला कोण सांगणार? मी म्हणालो, कॉलेजच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र देऊ. बाई म्हणाल्या, "शिक्क्यावर कोण विश्वास ठेवतो?" आणि बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन सरळ गोदूबाईच्या शेजारी, पोत्यावर बसल्या. कॉलेजच्या प्राध्यापिका. समोरून त्यांचेच विद्यार्थी पिशव्या घेऊन जात होते आणि बघून न बघितल्यासारखं करत होते.

बाईंनी दोन पुड्या मांडल्या. "ही खालच्या रानाची माती. ही वरच्या. भाजी वरच्या रानातली आहे. या, रंग सांगा."

आधी कुणी येईना. मग एक विणकर घरातली तेलुगू बाई थांबली. बाईंनी तिच्यासमोर वरची माती हलवायला मला सांगितली. मी हलवली. नळी पुढे केली. ती म्हणाली, "पच्चगा उंदि." शेजारचा बागवान मान लांब करून म्हणाला, "हां, हरा है." अक्कलकोटकडचं एक जोडपं होतं, त्यातला नवरा बायकोला म्हणाला, "हसिरू." एक आजीबाई चष्मा कपाळावर सारून, "हिरवीच गं बाई." मी मध्ये बसून चार भाषांतला एकच रंग ऐकत होतो. दिसत मला एकही नव्हता.

खालच्या मातीची नळी लाल झाली तेव्हा गर्दीत चुळबुळ झाली. गोदूबाईनंच तोंड उघडलं. "व्हय, तांबडी हाय! तितं म्या आता काय बी लावत न्हाय. झाकून ठेवलं न्हाय, तुमच्या म्होरं मांडलंय. आता घ्या न्हायतर जावा!"

ती तेलुगू बाई वाकली आणि मेथीची जुडी उचलली. पानं खुडून वास घेतला, आणि आणखी एक उचलली. मग पाटी रिकामी व्हायला वेळ लागला नाही.

मी पुढे बरीच वर्षं ते काम केलं. बाईंनी प्राचार्यांपाशी शब्द टाकून मला आपल्याच हाताखाली ठेवलं. दुधनी, बार्शी, अक्कलकोट, किती बांध तुडवले. प्रत्येक रानात कुणीतरी मला डोळे उसने दिले, आणि परत कुणी मागितले नाहीत. लग्नही झालं. त्या वेळी साडीवर मी काही बोललो नाही.

बाई आप्पांच्या आजारपणात नोकरी सोडून दुधनीला गेल्या आणि तिथेच राहिल्या. मी अधूनमधून जायचो. मग एका उन्हाळ्यात जायचं लांबलं, आणि तिकडून माणूस निरोप घेऊन आला. झोपेतच गेल्या होत्या. मी सायकल काढली आणि सगळ्यात आधी मंडईत गेलो. गोदूबाई आता थकली होती. सून पाटी मांडायची, ती मागे बसून गिऱ्हाइकांवर लक्ष ठेवायची.

मला बघून म्हणाली, "ये रं मास्तर. आज उशीर केलास, शेपू संपला."

मी तिच्याजवळ पोत्यावर बसलो आणि सांगितलं.

सून भाजी मोजता मोजता थांबली. गिऱ्हाईक उभं होतं, तेही थांबलं. गोदूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"दर बाजाराला म्या बाईस्नी येक जुडी धाडत हुते," ती म्हणाली. मला हे माहीत नव्हतं. "वरच्या रानातली. दुधनीच्या यष्टीचा कंडक्टर वळखीचा हाय, त्यो दारात टाकून जातो." तिनं स्टँडच्या दिशेनं बघितलं. "आजची तर गेली की रं. सकाळच्याच गाडीनं."